गस्तीची गाडी कशी निवडावी आणि तिच्यावर खुणा कशा चढवाव्यात

पोलिसांची गाडी म्हटली की डोळ्यांसमोर पाठलाग येतो. प्रत्यक्षात ड्यूटीतला बराचसा वेळ ही गाडी एक तर उभी असते, नाही तर गल्लीबोळांतून हळूहळू फिरत असते. इंजिन चालू, रेडिओ चालू, संगणक चालू आणि आत दोन माणसं कमरेला पट्टा, बेड्या, पिस्तूल लावून तासन्‌तास बसलेली. मग एकदम संदेश येतो आणि याच गाडीला काही सेकंदांत पूर्ण जोर लावावा लागतो. तासन्‌तास उभं राहायचं आणि क्षणात सुटायचं, अशी दुहेरी सवय घरगुती गाडीला नसते. तरीही खरेदीच्या बैठका बहुधा कमाल वेगावरून सुरू होतात आणि रंगावरच्या वादात संपतात. ताफा खरेदीच्या समितीत असाल, गाड्यांवर पट्टे चढवण्याचं काम घेत असाल किंवा नुसतं कुतूहल असेल, तरी क्रम पुढे दिलाय तसाच ठेवा. आधी काम, मग गाडी, मग वीज आणि वजन, आणि खुणा त्यानंतर.

१. गाडी दिवसभर काय करते ते मोजा

सध्याच्या ताफ्यातल्या दोन-चार गाड्या घ्या आणि काही आठवडे नोंद ठेवा. किती तास इंजिन चालू होतं, त्यातले किती तास गाडी जागेवर होती, किती माणसं बसली, मागे कोणाला बसवलं, डिकीत काय होतं. फक्त किलोमीटर बघून फसगत होते. फोर्डच्या पोलिसी गाड्यांसाठी एक ठोकताळा वापरला जातो: इंजिन जागेवर एक तास चालणं म्हणजे सुमारे ३३ मैल, म्हणजे ५३ किलोमीटर धावण्याइतकी झीज. मीटरवर ६०,००० किलोमीटर दिसताहेत आणि गाडी २,००० तास उभ्या-उभ्या धडधडली आहे, तर इंजिनाच्या दृष्टीने ती दीड लाखाच्या पुढे गेली आहे. तेल बदलण्याचं वेळापत्रक आणि गाडी निवृत्त करण्याचा निर्णय या हिशेबावर ठरवा. म्हणूनच तासांचा मीटर नसलेली गाडी घ्यायची असेल तर तो वेगळा बसवून घ्या.

नोंदीतून कामांचे गट आपोआप पडतात: वस्तीतली गस्त, महामार्ग, कैदी ने-आण, श्वानपथक, साध्या वेशातलं काम. एकाच मॉडेलने सगळं भागवायचा मोह होतो, कारण सुटे भाग आणि मेकॅनिकचं प्रशिक्षण सोपं जातं. तो मोह पूर्णपणे चुकीचा नाही. पण श्वानपथकाच्या गाडीला हवा खेळती ठेवायची वेगळी सोय लागते आणि महामार्गावरच्या गाडीला वेगळे ब्रेक, हे त्या सोयीपायी विसरलं जाऊ नये.

शोभेच्या गाड्यांबद्दल एक शब्द. दुबई पोलिसांच्या बुगाटी व्हेरॉनला सेवेतली सर्वांत वेगवान पोलिसी गाडी म्हणून २०१७ साली गिनेसने मान्यता दिली. वेग ताशी ४०७ किलोमीटर. ती गाडी पर्यटकांना भेटण्यासाठी आहे आणि ते काम ती चोख करते. इटलीच्या पोलिसांकडची लॅम्बोर्गिनी मात्र खरंच राबते. तिच्या पुढच्या कप्प्यात शीतपेटी बसवलेली आहे आणि प्रत्यारोपणासाठीचे अवयव ती एका शहरातून दुसऱ्या शहरात पोहोचवते. महागडी गाडी घेण्यात गैर काही नाही. तिचं काम कागदावर एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे, एवढंच.

२. ‘पोलिसी’ आवृत्तीत काय असतं ते तपासा

काही कंपन्या पोलिसांसाठी वेगळी आवृत्ती देतात. बाहेरून ती शोरूममधल्या गाडीसारखीच दिसते, फरक आत असतो. मोठा रेडिएटर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळे कूलर, जास्त ताकदीचा अल्टरनेटर (इंजिनावर वीज बनवणारं यंत्र), जाड ब्रेक डिस्क, कडक सस्पेंशन, अचूक तपासलेला वेगमापक. पुढच्या सीटच्या कडांची फुगीर गादी काढलेली असते, म्हणजे कमरेचा पट्टा टोचत नाही. सीटच्या पाठीच्या आत पातळ पोलादी पत्रा असतो, मागून कोणी सुरा खुपसला तर अडवायला. मागच्या दारांचे हँडल आतून निकामी केलेले असतात. आणखी एक छोटी पण फार कामाची सोय म्हणजे इंजिन चालू ठेवून चावी काढता येणं. ब्रेक दाबून गिअर टाकायचा प्रयत्न झाला की इंजिन बंद. गाडीतून उतरून धावायची वेळ आली तर कोणी गाडीच पळवून नेऊ नये म्हणून.

अशी आवृत्ती मिळत नसेल तर यातल्या प्रत्येक गोष्टीला ‘आम्ही हे कसं भागवणार’ असं उत्तर लिहून काढा. नुसती साधी गाडी घेऊन तिच्यावर दिवे चढवले की ती दोन वर्षांत गॅरेजमध्ये जास्त आणि रस्त्यावर कमी दिसते. ब्रिटनमध्ये बीएमडब्ल्यूच्या एका डिझेल इंजिनाबाबत अडचणी आल्या, तेव्हा पोलीस या गाड्या ज्या खास पद्धतीने वापरतात तिचा काही भागांवर जादा ताण येतो, असं कंपनीने सांगितलं. सामान्य ग्राहकांच्या गाड्यांवर काही करायची गरज नाही, असंही. म्हणजे बाजारात नावाजलेलं इंजिन या कामाला चालेलच असं नाही.

अगदी शून्यापासून पोलिसी गाडी बनवायचा प्रयत्नही झाला. अमेरिकेत कार्बन मोटर्स या कंपनीने ‘ई७’ नावाची गाडी फक्त पोलिसांसाठी आखली. उत्पादन सुरू होण्याआधीच, २०१३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. एवढ्या छोट्या बाजारासाठी स्वतंत्र कारखाना परवडत नाही, त्यामुळे घरगुती गाडीचीच तगडी आवृत्ती हा व्यवहारातला रस्ता राहतो.

आणि तिथेच पुढचा धोका आहे: घरगुती बाजारातून मॉडेल गेलं की पोलिसांचंही जातं. अमेरिकेतल्या ठाण्यांचा कणा असलेली फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया २०११ मध्ये बंद झाली. ऑस्ट्रेलियात फोर्ड फाल्कनचं उत्पादन २०१६ मध्ये आणि होल्डन कमोडोरचं २०१७ मध्ये थांबलं. तिथल्याच क्वीन्सलँड राज्याच्या पोलिसांनी किआ स्टिंगर निवडली, आणि २०२३ मध्ये तीही बंद झाली. गाडी बदलली की पुढच्या-मागच्या सीटमधली जाळी, कन्सोल, दिव्यांचे ब्रॅकेट, पट्ट्यांचे साचे सगळं नव्याने करावं लागतं. म्हणून करारात मॉडेल किती वर्षं मिळेल, बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षं मिळतील आणि मधेच बंपरचा आकार बदलला तर आधी कळवणार का, हे लिहून घ्या.

३. वजन आणि वीज

या दोन गोष्टींकडे सर्वांत कमी लक्ष जातं आणि तक्रारी सर्वांत जास्त यांच्याच येतात.

वजनाचा हिशेब सोपा आहे. गाडीचं कमाल परवानगीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन, म्हणजे तुमच्या हातात असलेली शिल्लक. समजा ती ५०० किलो आली. पुढची दोन माणसं सगळ्या साहित्यासह २०० किलो धरा, मागे दोघं बसले तर आणखी १५० ते १६०. उरलेल्या दीडशे किलोत जाळी, दिव्यांची पट्टी, पुढचा लोखंडी गार्ड, रेडिओ, बॅटऱ्या, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, रस्त्यावर ठेवायचे शंकू, दोरखंड. प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष काट्यावर ठेवून वजन लिहा, अंदाज नको. पूर्ण भरलेली गाडी काट्यावर उभी करून पुढच्या आणि मागच्या धुरीवरचा भार वेगवेगळा मोजा. सगळं जड सामान डिकीच्या शेवटी कोंबलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडी ऐकत नाही.

विजेचं गणित थोडं किचकट. प्रत्येक उपकरणाचा करंट तीन अवस्थांत लिहा: इंजिन चालू असताना, इंजिन बंद पण दिवे चालू असताना, आणि गाडी पार्क करून सगळे घरी गेल्यावर. तिसरा रकाना बहुतेक जण सोडून देतात. राउटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, रेडिओचा चार्जर थोडी थोडी वीज खातच राहतात आणि सोमवारी सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. उपाय दोन: उपकरणांसाठी वेगळी बॅटरी, आणि ठरावीक वेळाने किंवा व्होल्टेज घसरल्यावर सगळं तोडणारा टायमर. पोलिसी गाड्यांत हायब्रिडला मागणी आली ती मुख्यतः यामुळे. उभी असताना दिवे, रेडिओ, वातानुकूलन मोठ्या बॅटरीवर चालतं, इंजिन अधूनमधूनच सुरू होतं.

पूर्ण विजेवरच्या गाडीत पल्ल्यापेक्षा पाळ्यांचं वेळापत्रक अडतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या पोलिसांची टेस्ला २०१९ मध्ये एका पाठलागाच्या मधेच चार्ज संपत आल्यामुळे मागे राहिली. आधीच्या पाळीनंतर ती पूर्ण चार्ज झालेलीच नव्हती. एकच गाडी लागोपाठ तीन पाळ्या चालवायची तुमची पद्धत असेल, तर आधी चार्जिंगची जागा आणि गाड्यांची अदलाबदल ठरवा, मॉडेल नंतर. गंमत म्हणजे इतिहासातली पहिली मोटारीची पोलिसगाडी विजेवरचीच मानली जाते: ओहायोतल्या ॲक्रन शहराची, १८९९ सालची.

४. चाचणी भरलेल्या गाडीची घ्या

मिशिगन राज्य पोलीस आणि लॉस एंजेलिस काउंटीचे शेरीफ खातं अनेक वर्षांपासून पोलिसी गाड्यांच्या चाचण्या घेतात आणि निकाल इतर खात्यांना उपलब्ध करून देतात. वेग, त्वरण, ब्रेक, वळणाचा ट्रॅक, आणि बसायला-हाताळायला गाडी कशी आहे, हे सगळं त्यात येतं. स्वतःचा ट्रॅक नसला तरी या यादीतलं बरंच काही मोकळ्या, बंद केलेल्या रस्त्यावर करता येतं.

ब्रेक एकदाच दाबून अंतर मोजू नका. लागोपाठ जोरात थांबवा आणि शेवटच्या वेळी अंतर किती वाढलं ते बघा. तापलेले ब्रेकच खरं सांगतात. गाडीत रेतीच्या पिशव्या ठेवून पूर्ण वजन करा. उंच आणि बुटके, दोन्ही प्रकारचे कर्मचारी वर्दी आणि पट्ट्यासकट बसवा; किती चपळाईने उतरता येतं, होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) सीटबेल्टच्या बकलात अडकतं का, नजर रस्त्यावर ठेवून रेडिओपर्यंत हात जातो का. हात मागे बांधलेल्या माणसाला मागच्या सीटवर बसवून सीटबेल्ट लावून बघा. हे करताना किती दारं पुरेशी उघडत नाहीत ते लगेच कळतं.

५. आतली मांडणी

एअरबॅग उघडते त्या जागेत काहीही बसवू नका, ना संगणकाचा स्टँड, ना जाळीचा कोपरा. कंपनी या जागांचे नकाशे देते. ते मागून घ्या आणि फिटरला छापून द्या. रात्री दार उघडल्यावर आतला दिवा आपोआप लागणार नाही अशी सोय ठेवा, नाही तर अंधारात उतरणारा कर्मचारी उजेडात उभा राहतो. स्विच कमी आणि नेहमी त्याच जागी. ताफ्यातल्या सगळ्या गाड्यांत सायरनचं बटण एकाच ठिकाणी असलं पाहिजे, कारण माणसं गाड्या बदलतात आणि घाईत बोटं सवयीने जातात.

६. खुणा: दिसणं, ओळखणं, अंदाज येणं

रस्त्यावरच्या चालकाला क्रमाने तीन गोष्टी कळाव्या लागतात. समोर काहीतरी आहे. ते पोलिसांचं आहे. ते उभं आहे की चाललंय, आणि कुठल्या बाजूला. संगणकाच्या पडद्यावर देखणी दिसणारी बरीच डिझाइन्स तिसऱ्या प्रश्नावर नापास होतात. वळणदार पट्टे, फिकट होत जाणारे रंग, फडफडणारे झेंडे, मोठ्ठं बोधचिन्ह: शंभर मीटरवरून याची नुसती खिचडी दिसते.

सुरुवात मूळ रंगापासून करा, आणि तिथे पुढच्या विक्रीचाही विचार ठेवा. जर्मनीत हिरवा-पांढरा मागे पडून चंदेरी गाडीवर निळी, चिकटवायची फिल्म आली. फिल्म काढली की खाली बाजारात खपणारी चंदेरी गाडी उरते. अमेरिकेतली काळी-पांढरी जोडी खर्चिक, पण फरक इतका ठळक की कुठलाही मजकूर न वाचता गाडी ओळखू येते. मिशिगनची निळी गाडी तर बोनेटवरच्या उभ्या फलकामुळे आणि छतावरच्या एकाच लाल दिव्यामुळे ओळखली जाते. रंग कुठला, यापेक्षा तो तुमच्या भागातल्या टॅक्सी आणि खासगी सुरक्षेच्या गाड्यांहून वेगळा आहे ना आणि वर्षानुवर्षं तोच ठेवणार ना, हे महत्त्वाचं.

मग नमुना. चौकड्यांचा उगम टोप्यांवर आहे: ग्लासगोचे पोलीस प्रमुख पर्सी सिलिटो यांनी १९३२ मध्ये टोपीच्या पट्टीवर काळ्या-पांढऱ्या चौकड्या आणल्या, आणि त्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत पोहोचल्या. गाड्यांवरचा मोठ्या चौकोनांचा बॅटनबर्ग नमुना ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात महामार्गावरच्या गाड्यांसाठी तयार झाला. दिवसाउजेडी ५०० मीटरवरून गाडी पोलिसांची म्हणून ओळखू यावी, हे उद्दिष्ट होतं. पोलिसांना पिवळा-निळा, रुग्णवाहिकेला पिवळा-हिरवा, अग्निशमनाला पिवळा-लाल. नक्कल करणारे एक गोष्ट विसरतात: चौकोन मोठे आणि मोजके हवेत, मोटारीच्या बाजूवर साधारण सात. लहान आणि पुष्कळ केले की लांबून ते एकमेकांत मिसळतात, आणि गाडीचा आकार उलट तुटून पार्श्वभूमीत लपतो. नमुना गाडीच्या रेषेला धरून चालला पाहिजे. वस्तीतल्या साध्या गस्तीला चौकोनांची एक ओळ पुरते.

साहित्याचे दोन प्रकार, आणि दोघांची कामं वेगळी. फ्लुरोसंट फिल्म अदृश्य अतिनील किरण शोषून दिसणारा उजेड बाहेर टाकते, म्हणून ढगाळ दिवशी आणि तिन्हीसांजेला झळाळते. मध्यरात्री तिचा काही उपयोग नाही. परावर्ती फिल्म, ज्याला सगळे रेडियम म्हणतात ती, प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते. हेडलाइटच्या झोतात ती चमकते, भर दुपारी ती साध्या रंगासारखीच. रात्रंदिवस राबणाऱ्या गाडीला दोन्ही लागतात. काचमण्यांच्या फिल्मपेक्षा सूक्ष्म प्रिझमची फिल्म जास्त उजळ असते, पण वाकड्या पत्र्यावर बसवायला हट्टी. फिल्मचा रंग निवडताना लक्षात घ्या की उजेडात डोळा पिवळट-हिरव्याला सर्वांत चटकन टिपतो आणि अंधारात तो कल निळ्याकडे सरकतो. डॅलसमधल्या अग्निशमन गाड्यांवरचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही पिवळट-हिरव्याच्याच बाजूने होता. लाल गाड्यांचे अपघात जास्त निघाले.

सर्वांत जास्त पैसा आणि विचार गाडीच्या मागच्या बाजूवर खर्च करा. रस्त्याच्या कडेला थांबलेल्या गस्ती गाडीला धडक बहुतेकदा मागून बसते, आणि तरी बहुतेक डिझाइनर बाजूचा फोटो काढून मोकळे होतात. मागे लाल-पिवळे रुंद तिरके पट्टे, मधोमध वर टोक करून मिळणारे. गाडीच्या कडेने परावर्ती रेघ, म्हणजे रात्री नुसता ठिपका न दिसता गाडीचा आकार आणि रुंदी दिसते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००९च्या अहवालात कडा आखण्याची आणि परावर्ती फिल्म खालच्या भागात ठेवण्याची शिफारस आहे, कारण हेडलाइटचा झोत खालीच पडतो. दारांच्या आतल्या कडांवरही पट्टी लावा. दार उघडं असताना बाहेरची सगळी सजावट वळलेली असते. डिकी वर केल्यावर मागून काय दिसतं, तेही बघा.

मजकूर कमीत कमी: पोलीस हा शब्द, आपत्कालीन क्रमांक, गाडीचा क्रमांक. जाड, साधी अक्षरं, गडदावर फिकट किंवा फिकटावर गडद. ब्रीदवाक्य हवंच असेल तर छोटं आणि दाराजवळ, पायी चालणाऱ्यासाठी. छतावर गाडीचा क्रमांक मोठा लिहा, हेलिकॉप्टर किंवा ड्रोन वापरत असाल तर तो पहिल्याच दिवशी उपयोगी पडतो. मूळ रंगाच्याच छटेतली, ठरावीक कोनातूनच चमकणारी ‘भुताटकी’ अक्षरं हल्ली वाहतूक शाखांना आवडतात. वेगमर्यादा मोडणाऱ्यांना पकडायला ठीक. पण मदतीसाठी पोलीस शोधणाऱ्या माणसालाही ती गाडी दिसत नाही, त्यामुळे नेहमीच्या गस्तीला ती देऊ नका.

७. दिवे आणि सायरन

जास्त दिवे म्हणजे जास्त सुरक्षा नव्हे. काळोख्या रस्त्यावर थांबलेल्या गाडीचे सगळे दिवे पूर्ण तेजाने लखलखत असतील, तर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि त्याच गाडीशेजारी उभा असलेला कर्मचारी त्याला दिसत नाही. म्हणून दिवसासाठी एक तेज आणि रात्रीसाठी कमी, अशी सोय असलेलेच दिवे घ्या. इशारा दिव्यांसाठीच्या युरोपातल्या आर६५ नियमात अशा दोन पातळ्यांची तरतूद आहे. गाडी थांबली की सावकाश आणि मंद लुकलुकणारा वेगळा क्रम आपोआप लागावा. सायरनचा भोंगा छतापेक्षा पुढच्या जाळीमागे बसवा. आवाज पुढे जातो आणि आतल्यांच्या कानांना आराम मिळतो.

८. नमुना गाडी, मग फिल्म

एकच गाडी पूर्ण तयार करून दुपारी, संध्याकाळी, पावसात आणि रात्री दुसऱ्या गाडीच्या हेडलाइटमध्ये बघा. समोरून, मागून, तिरक्या कोनातून. ज्यांनी डिझाइन पाहिलेलं नाही अशांना लांबून विचारा की ही कोणाची गाडी आणि कुठे चाललीय. आपल्याच समितीला विचारून उपयोग नाही, त्यांना उत्तर माहीत असतं.

फिल्म चढवताना आधुनिक गाड्यांत एक खोच आहे. बंपरमागे रडार असतो आणि धातूचा थर असलेली परावर्ती फिल्म त्याला आंधळं करू शकते. पुढचा लोखंडी गार्डही तेच करतो. सेन्सरच्या जागा आधी मिळवा, त्या मोकळ्या ठेवा आणि काम झाल्यावर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा पुन्हा तपासून घ्या. पट्टे पत्र्याच्या सांध्यावर कापा, दोन पत्र्यांवरून ताणू नका. प्रत्येक दार, प्रत्येक मडगार्डचे कापलेले तयार संच साठ्यात ठेवा, म्हणजे अपघातात एक दार बदललं तरी गाडी आठवडाभर अडकत नाही. उंच दाबाचा पाण्याचा फवारा कडांवर धरू नये, हे धुणाऱ्याला सांगा. फ्लुरोसंट भाग परावर्ती भागापेक्षा आधी विटतो, तेव्हा तो बदलायचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

९. निवृत्ती

लिलावाआधी दिवे, रेडिओ, संगणकाची साठवण आणि प्रत्येक पट्टा काढा. उन्हात वर्षानुवर्षं राहिल्यावर पट्ट्याखालचा रंग कमी उडालेला असतो आणि ‘पोलीस’ ही अक्षरं फिल्म काढल्यावरही वाचता येतात. तेवढा भाग पॉलिश करून किंवा रंगवूनच गाडी सोडा, कारण अशीच गाडी तोतया पोलिसाच्या हाती पडते. छताला पाडलेली भोकं बुजवा, मागच्या दारांचे हँडल पुन्हा जोडा, आणि हे सगळं झाल्याची सही असलेला कागद गाडीच्या फाइलला लावल्याशिवाय चावी देऊ नका.